यंदा कोणतं वाण?

आखाजी झाली की आमच्या घरी एकच विषय: यंदा कपाशीचं कोणतं वाण? दादांना मोठं बोंड हवं. वेचायला सोपं, आणि विहिरीला पाणी असलं तर फेब्रुवारीपर्यंत फरदड घेता येते. माझा हट्ट १५० दिवसांत मोकळं होणाऱ्या वाणाचा.

कारण २०१७. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, वेचणीला हाती नुसती कवडी आली. २००२ साली बीटी आलं तेव्हापासून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी मिळायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही. आम्ही? जागा वाया जाते म्हणून ती पुडी फेकून द्यायचो. शेजारीपाजारीही तेच करायचे.

आता ते बी पाकिटातच मिसळून येतं. आमच्यावर भरवसा उरला नाही, दुसरं काय!

काल दादा म्हणाले, "आण तुझं लवकरचं वाण. पण डिसेंबरात हिरवी कपाशी तूच उपट."

हो म्हणालोय खरा. तेव्हा हात धजावला पाहिजे.