साका

मराठी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत सस्पेन्शनला ‘निलंबन’ म्हणतात. नोकरीतून तात्पुरते दूर केलेल्या माणसाच्या वाट्यालाही हाच शब्द येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कंपनीत मी अकरा वर्षे डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची निलंबने तयार करीत होते, असे सांगितले की साहित्यातली मित्रमंडळी हमखास हसत. माझी त्याला हरकत नव्हती. अधांतरी लोंबकळत राहणे, हा अर्थ दोन्हीकडे आहेच.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट हे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून दिले जाणारे स्टेरॉइड. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याची बारीक पूड, शक्यतो १० मायक्रॉनच्या आतली, पाण्यात तरंगती ठेवावी लागते. कण मोठे असले तर डोळ्याला खुपतात, डोळ्याला पाणी येते आणि त्याबरोबर औषधही वाहून जाते. पण कण कितीही बारीक केले तरी आज ना उद्या ते तळाशी बसणारच. ते बसतात कसे, एवढाच काय तो आमचा प्रश्न.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी केलेला एक नमुना दिवसचे दिवस दुधासारखा एकसंध राहिला होता. मी हरखून गेले. वरिष्ठांनी काही न बोलता तो कपाटात ठेवून दिला आणि तीन महिन्यांनी माझ्या हाती दिला. तळाशी खडूसारखा थर! हलवून, आपटून, कशानेही सुटेना. एकमेकांना दूर लोटणारे सुटे कण सावकाश उतरतात खरे, पण उतरताना एकमेकांच्या फटींत चपखल बसत जातात. उलट, क्षाराची मात्रा नेमकी साधून त्यांच्यावरचा विद्युतभार थोडा उतरवला तर त्यांचे सैल पुंजके होतात. हे पुंजके भराभर खाली बसतात, त्यांचा साका फुगीर राहतो, आणि बाटली चार-सहा वेळा हलवली की सारे पुन्हा एकजीव. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, त्यामागचे रसायन हेच. आम्हांला फक्त अर्ध्यावर थांबायचे असते. क्षार जास्त झाला तर डोळा झोंबतो; दाटपणासाठी हायप्रोमेलोज वाढवले तर नजर धूसर होते. शिवाय शेवटी गाळून निर्जंतुक करण्याची सोय नाही, कारण जंतू अडवणारी गाळणी औषधाचे कणही अडवते. असो.

२०१६ मध्ये आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती कोपरखैरण्याला माझ्याकडे येऊन राहिली. थेंबांच्या वेळा तिने वहीत लिहून काटेकोर पाळल्या. मी दिवसभर कामावर. थेंब ती स्वतःच घालीत असे. दुसऱ्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, सूज हवी तेवढी उतरलेली नाही. घरी आल्यावर मी तिला विचारले, “आई, बाटली हलवून घेतेस ना?”

“हलवायची कशाला? वरचं निवळ तेवढंच घालते. गाळ नको गं डोळ्यात जायला.”

तिचा निम्मा जन्म विहिरीच्या पाण्यावर गेलेला. हंडा भरून ठेवायचा, निवळू द्यायचा, साका न ढवळता वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. ही बाटलीही तिने देवघराच्या फळीवर उभी ठेवली होती आणि धक्का न लावता ती उचलीत होती. प्लॅस्टिक पांढरे, औषधही पांढरे. आत काय चालले आहे ते कोणाला दिसणार? प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळकांड्यात पाहतो.

मी न हलवता एक थेंब काळ्या बशीत पाडला. पाण्यासारखा नितळ. चार वेळा हलवून दुसरा पाडला. दुधाळ. औषध दुसऱ्या कंपनीचे होते, आणि उत्तम होते. मीही असेच केले असते. वरचा थेंब इतका नितळ निघाला तो त्यामुळेच. माझ्या त्या फसलेल्या नमुन्यातून निदान सुरुवातीचे काही दिवस तरी तिच्या डोळ्यात थोडेबहुत औषध पडले असते. साका किती सहज सुटतो याच्या आमच्या साऱ्या चाचण्यांत बाटली हलवणारा हात आमचाच असे. अकरा वर्षांत हे माझ्या मनात आले नव्हते.

“मग तसं बाटलीवर लिहायचं ना,” आई म्हणाली.

“लिहिलंय.”

“कुठं?”

अक्षरे इंग्रजी, तिळाएवढी. मी चष्मा आणायला उठले.