निषेधाचे वाचन

नीरेकाठच्या आमच्या निरवांगीत फोन आता घरोघरी आहे. पीककर्जाचे संदेश त्यात, लेकीबाळींची छायाचित्रेही त्यातच. त्यातले काय कोणी उघडावे हे ठरवणारी एक संहिता असते, हे आम्हांला उशिराच कळले. अँड्रॉइडमध्ये ही एसईलिनक्सची धोरणसंहिता २०१४ साली, पाचव्या आवृत्तीपासून, पूर्णपणे सक्तीची झाली. तिचा दंडक असा, की जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते निषिद्ध.

मग 'नेव्हरअलाउ' हे वेगळे निषेधवाक्य कशासाठी? ते प्रोग्रॅमसाठी नाहीच. नियम लिहिणाऱ्यासाठी आहे. अशी परवानगी तू कधीही देऊ नकोस, असे ते त्याला बजावते. मात्र संहिता यंत्राच्या भाषेत उतरली, की परवानग्या तेवढ्या उरतात आणि हे बंधन गळून जाते. म्हणून 'एसईपॉलिसी-ॲनालाइझ' हे आज्ञा टंकून चालवायचे साधन तयार संहिता हाती घेते आणि गळलेले निषेध समोर ठेवून ती पुन्हा वाचते.

लेखकाने स्वतःवर घातलेले बंधनही छापील पानावर दिसत नाही; ते पाळले गेले की नाही, हे समीक्षकाला वाचूनच शोधावे लागते. आमचे वाचन चुकले तर एखाद्या पुस्तकावर अन्याय होतो. त्या साधनाचे चुकले, तर निरवांगीतल्या एखाद्या घराचे दार उघडे राहील, आणि घरच्यांना ते कळणारही नाही.