जाम झालेला सांधा

घोड्याच्या मागच्या पायाचा उलटा वाकणारा 'गुडघा' हा मुळात गुडघा नव्हेच, तो घोटा! इंग्रजीत हॉक. आत एकावर एक रचलेले सांधे. जवळजवळ सगळी हालचाल वरचा सांधा करतो; खालचे दोन जेमतेम हलतात, आणि संधिवात बहुधा तिथेच होतो.

गंमत म्हणजे झिजता झिजता ही हाडं कधी कधी जुळून एकजीव होतात आणि दुखणं थांबतं! चालही फारशी बिघडत नाही. डॉक्टर ड्रिलने किंवा अल्कोहोलच्या इंजेक्शनने हेच मुद्दाम घडवतात. माझ्यातला इंजिनीयर खूश: जे हलायची गरज नाही, ते वेल्ड करून टाका.

पण निसर्गावर सोडलं तर वर्षंही जातात, आणि पूर्ण जुळेलच असं नाही. तोवर बरेचदा वेदनाशामक देऊन बेताचं काम चालू ठेवतात. बेताचं म्हणजे किती? माथेरानच्या चढावर पर्यटक वाहणाऱ्या घोड्यावर घोडेवाल्याची चूल पेटते. घोड्याला सुट्टी दिली तर घरी काय शिजणार?

असो. मी हल्ली बसण्याआधी घोड्याला चालताना बघतो. पहिल्या चार पावलांत तो खरं बोलतो. नंतर अंग गरम झालं की लंगडणं लपतं.