तप्पिदल्लि

आमच्या गावात पोलीस यायच्या आधी त्याची बातमी येते. जून २०२५ मधली ती संध्याकाळ. मी कॉलेजातून शेवटच्या बसने उतरलो, तर कट्ट्यावर बसलेल्या मंडळींचे बोलणे एकदम थांबले. घरी पोचलो तो सोप्यात आज्जी डोक्याला हात लावून बसलेली, आणि देव्हाऱ्यापुढे हळदीकुंकवाच्या करंड्याखाली दाबून ठेवलेले तीन कागद. आमच्या घरात जे कळत नाही ते देवापुढे ठेवायची पद्धत आहे.

"वाच बघू," आप्पा म्हणाले. "कानडीत हाय."

तीन कागद तीन नावांचे होते. एक थोरल्या काकांचा, एक आप्पांचा आणि तिसरा माझा.

झाले होते ते असे. आमच्या आणि चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, शेतामध्ये एक बांध आहे. दोन्हीकडून कोरून कोरून तो इतका बारीक झाला आहे की त्यावरून आता शेळीही नीट चालत नाही. भात पेरण्याच्या सुमारास तात्यांनी तो पुन्हा कोरला. आप्पा त्यांच्या वाटेत आडवे उभे राहिले. शिवीगाळ झाली आणि आप्पांनी तात्यांच्या दोन कानफटात दिल्या. थोरले काका सोडवायला गेले होते. मी त्या वेळी कॉलेजात जमाखर्चाच्या तासाला होतो. पण भाऊबंदकीत नावे घालताना हजेरीपट कोण बघतो? तात्यांनी फिर्याद दिली आणि आरोपी नंबर तीन म्हणून माझे नाव लिहिले गेले.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. कन्नड विषय होता, पण तो पास होण्यापुरता. तरी घरात कन्नड वाचणारा मी एकटाच. मी वाचायला लागलो आणि मला थोडा धीर आला, कारण निम्मे शब्द आपलेच निघाले. फिर्यादी, आरोपी, कलम, ठाणे, पंचनामे, जामीनु. कोर्टकचेरीची भाषा दोघांनी एकाच दुकानातून उधार आणलेली दिसते. "हाजरागबेकु" म्हणजे हजर राहिले पाहिजे, तेही कळले. बुधवारी सकाळी अकरा वाजता. शेवटच्या ओळीत मात्र एक शब्द आला: "तप्पिदल्लि". "तप्पु" म्हणजे चूक, एवढे मला ठाऊक होते. मी जोरात अर्थ सांगितला, "चूक सापडली तर कायदेशीर कारवाई करण्यात येईल."

आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग त्यास्नी सापडायचं कशाला?"

तेवढ्यात गावातले एक जाणते गृहस्थ आले. प्रत्येक गावात असे एक गृहस्थ असतात. त्यांनी सल्ला दिला, "चार दिवस चंदगडला बहिणीकडं जाऊन ऱ्हावा. तिकडं महाराष्ट्र. हिकडचा पोलीस तिकडं येत न्हाई. तवर मी बघतो." बघण्यासाठी किती पैसे लागतील तेही त्यांनी जाता जाता सांगितले. मंगळवारी पहाटेच्या गाडीने आप्पा चंदगडला गेले.

त्या दिवशी कॉलेजात माझे लक्ष नव्हते. माझ्या बाकावर बसणारा मित्र कन्नड माध्यमातून आलेला. याच अंकाच्या कन्नड विभागात त्याचा लेख आहे. मधल्या सुट्टीत मी त्याला कागद दाखवला. तो आधी हसला आणि मग एकदम हसायचा थांबला.

"अरे, हा 'तप्पु' नव्हे. तप्पिदल्लि म्हणजे चुकवल्यास. हजर राहायचं चुकवलास तर कारवाई, असं आहे ते."

मी थंडच पडलो. मराठीतही "चूक" आणि "चुकवणे" एकाच घरातले. पण एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगून मी बापाला पळायला लावले होते.

आम्ही दोघे तिथून तडक कोर्टाच्या आवारात गेलो. तिथे जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे, हे रोज त्या रस्त्याने जाऊनही मला माहीत नव्हते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबाला फुकट कायदेशीर मदत देणे हे सरकारचे काम ठरले. त्यासाठीचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कोठडीत असलेला कोणीही आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

तिथल्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "वडील कुठे आहेत?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "आज रात्रीपर्यंत त्यांना परत आण. बाकीचे नंतर बोलू." तरी मी निघेपर्यंत त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितले ते माझ्या वहीत आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या ३५ व्या कलमात असे आहे की, अटकेची गरज नसेल तेव्हा पोलिसांनी नोटीस देऊन माणसाला बोलवावे. नोटिशीप्रमाणे तो हजर राहिला, तर कारणे लिहून ठेवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. हजर राहिला नाही, तर मात्र करता येते. देवापुढचा कागद म्हणजे अटक नव्हती. अटक टाळायचा रस्ताच त्यात लिहिलेला होता, आणि आम्ही नेमके त्याच्या उलट दिशेला चाललो होतो. चंदगडची गोष्टही खोटी. आरोपीच्या मागे पोलीस देशात कुठेही जाऊ शकतात. थोरल्या काकांना साठावर दोन वर्षे झाली आहेत. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अशा माणसाला अटक करायची तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. आमच्यावरची कलमे भारतीय न्याय संहितेची होती: ११५(२) साधी दुखापत, १२६(२) वाट अडवणे, ३५२ अपमान, ३५१(२) धमकी. सगळी जामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. अटक झालीच, तर ठाण्यातूनही जामीन मिळतो. गरिबीमुळे जामीनदार मिळत नसेल, तर स्वतःच्या जातमुचलक्यावर सुटता येते.

मित्राने कुणाची तरी मोटारसायकल आणली. शिनोळीवरून आम्ही चंदगड गाठले. आप्पा आत्याच्या परड्यात फणसाखाली बसले होते. मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, हेच मला जड गेले. एवढेच म्हणाले, "तू एवढा शिकलास आन् असं कसं वाचलास?"

मग मी विचारले, "आप्पा, खरं सांगा. तुम्ही मारलासा काय?"

"मारलो. दोन मारलो."

वाचकहो, खरा पेच इथे होता. मी स्वतः निर्दोष होतो, म्हणून कायद्याचा आधार घेताना मला काही वाटत नव्हते. पण आप्पांनी मारले होते. ज्याने मारले त्याने वकील कशाला करायचा? गप्प बसण्याचा हक्क म्हणजे सभ्य भाषेतला खोटेपणा नव्हे काय? गाडीवरून परत येताना मी हाच विचार करत होतो. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक विचार होता, आणि त्याची मला लाज वाटत होती. उद्या फौजदारांनी विचारले, तर "आप्पांनी मारले, मी नव्हतो" असे सांगून मोकळे व्हावे. मला पुढे बँकेची परीक्षा द्यायची आहे. आरोपी नंबर तीन हे मला परवडणारे नव्हते.

रात्री वकीलबाईंना फोन करून हे सारे विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटे बोलायचा हक्क कोणालाच नाही. पण स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे घटनेच्या २०(३) कलमात आहे. हे हक्क निर्दोषांसाठी राखून ठेवायचे म्हटले, तर निर्दोष कोण हे आधी ठरवावे लागेल, आणि ते ठरवायलाच तर खटला असतो. तुझ्या वडिलांनी दोन थपडा मारल्या असतील, तर त्यांनी दोन थपडांचा जबाब द्यावा. भीतीने सही करून वीस थपडांचा देऊ नये." पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही आणि तपासात दिलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते, हेही त्यांनीच सांगितले. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गप्प राहण्याचा हक्क चौकशीच्या टप्प्यापासूनच मानला आहे. "आणि तू," त्या मला म्हणाल्या, "तू डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच बोल."

बुधवारी आम्ही तिघे अकराच्या आधी ठाण्यात गेलो. माझ्याजवळ कॉलेजच्या हजेरीचा दाखला होता. फौजदारांनी माझ्याकडे पाहून विचारले, "कन्नड बरतैतेनु?"

"बरतैत्री, सर."

त्यांनी दाखला पाहिला, बाजूला ठेवला आणि मग तोच प्रश्न आला, "मत्त यार होडदार?" मग मारले कोणी?

आप्पा शेजारच्या बाकावर होते. त्यांना प्रश्न कळला नव्हता, पण माझा चेहरा दिसत होता.

"नान अल्लि इरलिल्लरी," मी म्हणालो. मी तिथे नव्हतो. एवढेच बोललो आणि थांबलो. ते खरे होते आणि पुरेसे होते. फौजदारांनी ते लिहून घेतले. आप्पांचे बोलणे दुभाष्या शिपायाने लिहून घेतले आणि मला वाचून दाखवायला लावले. आम्ही एक वाजता बाहेर आलो. गृहस्थांनी सांगितलेल्या रकमेपैकी एक पैसाही कोणी मागितला नाही.

सप्टेंबरात दोषारोपपत्र आले, त्यात माझे नाव नव्हते. कागदपत्रांच्या प्रती आरोपीला फुकट द्याव्या लागतात. त्या मिळाल्यावर आप्पा म्हणाले, "दंड भरून मोकळं होऊ." पुष्कळ लोक असेच करतात. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. दंडाची पावती फाटते, पण दोषी ठरल्याची नोंद राहते. आप्पांपुढे तीन वाटा होत्या. नाकबूल करून खटला चालवणे, कबूल करून शिक्षा घेणे, किंवा तात्या तयार असतील तर तडजोड करणे. आमच्यावरची कलमे ३५९ व्या कलमाप्रमाणे आपसात मिटण्यासारखी होती, आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. पण त्यासाठी तात्यांची संमती लागते. ती कोणताही वकील आणून देऊ शकत नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आप्पा एकटेच तात्यांच्या घरी गेले. काय बोलले ते आम्हांला सांगितले नाही. परत आल्यावर आईला म्हणाले, "मोजणी करून घेऊ म्हणतो तो." डिसेंबरात दोघांनी कोर्टात तडजोडीच्या अर्जावर सह्या केल्या आणि खटला संपला. हे लिहायला आप्पांची परवानगी आहे.

मला नंतर एक जुना निकाल वाचायला मिळाला. १९६२ सालच्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली होती आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, न कळणाऱ्या भाषेतला कागद देणे म्हणजे कळवणे नव्हे. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने, कोणत्याही गुन्ह्यातील अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असे ठरले आहे. म्हणून मित्रहो, तुमच्यावर किंवा घरच्यांवर वेळ आली, तर एवढे लक्षात असू द्या. कारण विचारा, तुमच्या भाषेत मागा. घरी कळवायला सांगा. वकील मागा. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायाधीशापुढे नेलेच पाहिजे. न वाचता सही करू नका आणि नोटीस आली तर पळू नका.

हल्ली आमच्या घरात कन्नड कागद आला की तो देव्हाऱ्यापुढे जात नाही, माझ्या टेबलावर येतो. शब्दकोश उघडून मी तो सावकाश वाचतो, अडलो तर मित्राला फोन करतो. परवा विजेचे बिल आले. आप्पा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बघ रे, शेवटच्या ओळीत काय हाय ते नीट बघ."

शेवटच्या ओळीत "तप्पिदल्लि" होते. मुदतीत पैसे भरायचे चुकवल्यास वीज तोडली जाईल. मी तसे सांगितले आणि आप्पा त्याच दिवशी पैसे भरून आले.