पाटीवरचं नाव

संस्था चालवणं म्हणजे खुर्ची, सत्कार आणि माईक असंच आपल्याला वाटतं. इंग्लंडच्या नील आणि अँजेला डिक्सन यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला वेगळं काही दिसलं. 1996 मध्ये त्यांची 16 वर्षांची मुलगी समँथा ब्रेन ट्यूमरने गेली. त्यांनी तिच्या नावाने ट्रस्ट काढला, संशोधनासाठी पैसे उभे केले. 2011 मध्ये डॉक्टरांच्या साथीने 'हेडस्मार्ट' मोहीम सुरू झाली. सारखं डोकं दुखणं, उलट्या, तोल जाणं अशी मुलांमधली लक्षणं सांगणारी कार्डं वाटली गेली. पूर्वी निदानाला साधारण 14 आठवडे जायचे, ते 7 च्या आत आले.

2013 मध्ये ताकद एकवटावी म्हणून हा ट्रस्ट आणखी दोन संस्थांबरोबर एक झाला. नवं नाव साधंच: 'द ब्रेन ट्यूमर चॅरिटी'. पाटीवरून समँथाचं नाव गेलं. जोसेफ फूट या दुसऱ्या लेकराचंही गेलं.

आपल्याकडे चर्चच्या बाकांवर, पंख्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहितात. त्यात वाईट काही नाही. माणूस गेला तरी नाव राहावं असं वाटतंच. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी स्वतःच्या पोरीचं नाव पाटीवरून उतरू देणं, याला मी नेतृत्व म्हणेन. खुर्ची सोडणं त्यामानाने सोपं असावं.