विसरण्याची नोंद कोणत्या खात्यावर?

व्यापारी घराण्यांनी केवळ स्मरणशक्तीच्या भरवशावर व्यवहार कधीच केला नाही. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही आणि आता संगणकावरील हिशेब ही सारी व्यवस्था माणूस विसरतो हे गृहीत धरूनच उभी राहिली. मुनीमजींकडून एखादी रक्कम टिपायची राहिली, तर त्यांच्या निष्ठेवर कोणी शंका घेत नाही. नोंद कशी राहिली ते पाहिले जाते. दुकानातील हा समंजस न्याय स्वयंपाकघरापर्यंत मात्र पोहोचत नाही. तेथे सारे काही घरातील स्त्रीच्या डोक्यात राहावे अशी अपेक्षा असते, आणि राहिले नाही तर दोष तिच्या स्वभावाच्या खात्यावर पडतो.

सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी धाकट्या सुनेच्या बाबतीत हे पंधरा वर्षे घडत आले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, बोलण्यात चतुर. मागील दिवाळीत कोणत्या ग्राहकाने कोणत्या काठाची साडी नेली हे अचूक सांगणारी. परंतु चौविहाराची वेळ तिला साधत नसे. अजून पुष्कळ अवकाश आहे असे वाटत असतानाच दिवस मावळे. हिरवी भाजी चिरून झाल्यावर आज चतुर्दशी असल्याचे आठवे. पिण्याचे पाणी उकळत ठेवून ती दुसऱ्या कामाला लागे आणि पातेले कोरडे पडून तापत राही. सामायिकाच्या 48 मिनिटांत मन दहा दिशांना धावे. सासूबाईंना यात श्रद्धेचा अभाव दिसला, पतीला बेफिकिरी दिसली आणि तिला स्वतःला प्रमाद दिसला. जैन संस्कारांत वाढलेल्या मुलीला हा शब्द साधा नसतो. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाच्या पाच कारणांत त्याची गणना आहे. सायंकाळच्या प्रतिक्रमणात ती ज्या चुकांची आलोचना करी, त्याच दुसऱ्या दिवशी पुन्हा होत. पुढे झोप उडाली. नैराश्यावरील औषधे सुरू झाली. त्यांनी थोडा उतार पडे. मूळ अडचण जागच्या जागी राही.

उलगडा झाला तो मुलामुळे. दहा वर्षांच्या मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही म्हणून त्याला पुण्याला तपासणीसाठी नेले. मुलाविषयी विचारता विचारता तेथील मानसशास्त्रज्ञांनी आईलाच तिच्या शाळेतील दिवसांबद्दल विचारले. हरवलेले डबे, अर्धवट वह्या, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळविलेले गुण, सारे बाहेर आले. अवधानाची ही अडचण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. त्यामुळे अपत्याच्या निदानातून आईचे निदान होणे हे अनेक घरांत घडते.

या स्थितीला वैद्यकशास्त्रात अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, संक्षेपाने एडीएचडी, म्हणतात. 1902 साली लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानांत अशा 20 मुलांची वर्णने मांडली; त्यांत 15 मुलगे आणि 5 मुली होत्या. पुढे बराच काळ ही धडपड्या मुलग्यांची व्याधी समजली गेली. मुलींमध्ये चंचलता अनेकदा बाहेर दिसत नाही. त्या शांत बसतात. मन तेवढे तेथे नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने चंचलतेवाचूनही अवधानाची उणीव असू शकते हे 1980 साली मान्य केले. तोवर कित्येक मुली ‘वेंधळी’ हे बिरूद घेऊन सासरी गेल्या होत्या.

अर्थात प्रत्येक विसरणे म्हणजे एडीएचडी नव्हे. 2013 च्या निदान-निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासून असावी लागतात आणि त्यांचा त्रास घर, शिक्षण, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी व्हावा लागतो. चाळिशीत नव्याने विस्मरण सुरू झाले असेल, तर थायरॉईड, रक्तक्षय आणि शाकाहारी कुटुंबांत वारंवार आढळणारी बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आधी तपासावी. मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास त्रास वाढतो, असे या स्थितीतील अनेक स्त्रिया सांगतात. डॉक्टरांना तेही मोकळेपणाने सांगावे.

उपचाराचे तीन भाग आहेत. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात. थेरपी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. बोधात्मक वर्तनोपचार या पद्धतीत मोठ्या कामाचे तुकडे करणे, एकच वही ठेवणे आणि ‘मी मुळातच नालायक’ या विचाराची पुराव्यानिशी तपासणी करणे शिकवले जाते. औषध चालू असूनही लक्षणे उरलेल्या 86 प्रौढांवर बोस्टन येथे झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. या उपचाराने त्यांना शिथिलीकरणाच्या प्रशिक्षणापेक्षा अधिक लाभ झाला. तिसरा भाग कोचिंगचा. कोच आठवड्याला भेटतो किंवा फोन करतो, ठरवलेले काय झाले व काय अडले ते पाहतो आणि पुढची मांडणी करून देतो. थेरपी मनावरील ओझे हलके करते, कोचिंग दिवसाची घडी बसवते.

सोलापूरच्या या घरात तीनही झाले. तिथी आणि सूर्यास्ताच्या वेळा लिहिलेला फळा स्वयंपाकघरात लागला. सूर्यास्तापूर्वी दीड तास आणि पुन्हा अर्धा तास अशी घंटा मोबाईलवर वाजू लागली. पाण्याच्या पातेल्याशेजारी टायमर आला. कपाट आवरताना सासूबाई नुसत्या शेजारी माळ घेऊन बसू लागल्या. कोणी सोबत असले की तिचे काम पुरे होते, हे कोचने दाखवून दिले होते. फळा लावण्यास प्रथम विरोध झाला. ‘घर म्हणजे काय ऑफिस आहे?’ असे पतीने विचारले. त्यावर सासरे एवढेच म्हणाले, ‘दुकानात चिठ्ठीवाचून एक ताका हलत नाही. मग हिनेच सगळे तोंडपाठ का ठेवायचे?’ आजही सारे सुरळीत आहे असे नाही. घंटा वाजूनही कधी उशीर होतो, पतीची कुरकुर पुरती थांबलेली नाही. सामायिक ती आता अनुपूर्वीचे पुस्तक हाती धरून करते.

मदत घेताना व्यापाऱ्याची चिकित्सक नजर सोडू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. कोचसाठी असा परवाना कायद्याने आवश्यक नाही. म्हणून त्याचे प्रशिक्षण, अनुभव आणि शुल्क आधी विचारावे, आणि औषध बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या कोचपासून दूर राहावे. काही औषधांनी भूक कमी होते. अठ्ठाई किंवा वर्षीतप करावयाचे असल्यास डॉक्टरांशी आधी बोलावे. जिलेटिनच्या कवचाची कॅप्सूल नको असेल तर तसे सांगावे, म्हणजे ते पर्याय पाहू शकतील. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक पहिल्या चौकशीस उपयोगी पडतो.

सोयरीक अडेल या भयाने अविवाहित मुलींची तपासणी टाळली जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शिवाय न तपासलेली मुलगी निरोगी ठरत नाही. ती फक्त निदानावाचून सासरी जाते, आणि मग पंधरा वर्षे जातात.

संवत्सरीला त्या घरात दरवर्षी सर्वांत जास्त क्षमा मागणारी तीच असे. विसरलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी ती एकेकापुढे हात जोडी आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणे. गेल्या संवत्सरीला सासूबाई तिच्याआधी उठल्या. ‘वेंधळी’ म्हटल्याबद्दल, त्या म्हणाल्या, आणि हात जोडले.