पत्रपेटीवरील नाव

वसतिगृहात पाकिटावर खोलीचा क्रमांक नसला तरी पत्र मिळत असे. सारे एकमेकांना ओळखत. जर्मनीत मात्र पत्रपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, हे येथे राहून मी पाहिले आहे.

येथे येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते; ते न देणाऱ्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नये. पहिल्या नोंदीनंतर करक्रमांक टपालाने येतो. तो कामाच्या ठिकाणी देता आला नाही, तर पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी, साध्या कागदावर का होईना, पेटीवर आपले नाव ठळक लिहून लावावे.